पाठवणीची आंघोळ

कुंबळवाडीच्या आनंदरावाला इंग्रजी येतं, ही गोष्ट वेळवंडीच्या खोऱ्यात त्याच्याइतकी चांगली कुणालाच ठाऊक नव्हती. भोरच्या शाळेत तीन यत्ता इंग्रजी शिकून आला, काळी टोपी घातली, कोट शिवला आणि भाटघरच्या नव्या धरणावर गोऱ्या साहेबाकडं दुभाषा म्हणून चिकटला. काम काय, तर साहेब बोलला की लोकांना मराठीत सांगायचं आणि लोक बोलले की साहेबाला इंग्रजीत. बस्स, एवढंच! पण ऐट अशी, की बघणाऱ्याला वाटावं धरण यानंच बांधलं.

घरात माणसं दोन. तो आणि त्याची आई साळूबाई. हिर्डोशीकडची लेक, कामाला वाघीण. नवरा गेला तेव्हा आनंदा रांगत होता. लोकांच्या खाचरात वाकून वाकून तिनं त्याला शिकवला. आणि एक काम ती रोज करायची, कुणी न सांगता. गावदेवी जननीच्या देवळाची झाडलोट आणि सडा. अंगात ताप असो नाहीतर दारात पाहुणा असो, पहाटे देवळाची पायरी झाडल्याशिवाय साळूबाईनं तोंडात पाणी घेतलं नाही. गावानं तो मान तिचाच धरला होता.

धरणाची भिंत पुरी होत आली. येत्या पावसात पाणी चढणार आणि कुंबळवाडी बुडणार, हे ठरून गेलं होतं. लोकांनी घरं उतरवून वरच्या माळावर न्यायला सुरुवात केली होती. वासे गेले, दारं गेली, जाती गेली, गोठ्यातले खुंटेसुद्धा उपटून गेले. राहिलं होतं जननीचं देऊळ. लहानसंच, पण सगळं घडीव काळ्या दगडाचं. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला, आणि बसवलेला असा की सांध्यात सुई शिरायची नाही. पाहणीला आलेल्या साहेबानं घोडा थांबवला, भिंतीवर हात फिरवत देवळाभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाला, हे बुडू द्यायचं नाही. हे आपण रीबिल्ड करू.

आनंदरावानं मान हलवली खरी, पण शब्द नवा होता. ते साहेबाच्या ध्यानात आलं. माणूस मनमोकळा, त्यानं तिथंच पायरीवर बसून समजावलं. रीबिल्ड म्हणजे नवीन बांधणं नव्हे. मोडलेलं, उतरवलेलं, होतं तसं परत उभं करणं. भिंत पडली, परत उभारली, ते रीबिल्ड. विलायतेकडच्या मोठ्या लढाईत तोफांनी गावंच्या गावं आडवी झाली, ती परत वसवली, तेही रीबिल्ड. मोडलेली फौज, बुडालेला धंदा, खचलेली तब्येत, फार काय, दोन माणसांतला उडालेला विश्वाससुद्धा रीबिल्ड करतात. आनंदराव हरखला. एवढ्याशा शब्दात एवढा पसारा! घरी येईपर्यंत तो शब्द तोंडात घोळवत होता.

साहेबानं बेतही नामी केला. दगड उतरवायच्या आधी प्रत्येक दगडावर आकडा घालायचा. कुठल्या थरातला, कितवा, कुठल्या बाजूचा. तेच आकडे नकाशावर. मग माळावर नेऊन आकड्याला आकडा लावत गेलं की देऊळ जसंच्या तसं. साहेब आकडे डांबरानं घालणार होता, पण चिमाजी गुरव आडवा पडला. देवीच्या अंगाला डांबर? प्राण गेला तरी नाही! मग चुन्यावर तडजोड झाली. साहेब आनंदरावाला बजावून म्हणाला, "चुना लगेच पुसतो. गावातल्या झाडून सगळ्यांना सांग, देऊळ उभं होईस्तोवर आकड्याला कुणी हात लावायचा नाही. बायकांना सांग. त्यांना आधी सांग."

"येस सर," आनंदराव म्हणाला.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. रखमाजी पाटील मध्ये बसले होते. बायका लांब, भिंतीच्या आडोशाला. आनंदराव कोटाची बटणं लावून उभा राहिला आणि सुरू झाला. "मंडळी, सरकार आपलं देऊळ रीबिल्ड करणार आहे. आता रीबिल्ड म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असणं शक्य नाही..."

झालं! गेनबाला तेवढंच हवं होतं. गेनबा म्हणजे गावातला एक नंबरचा टवाळ. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "आनंदा, माजी बायकू रुसून माह्यारी गेलीया. तेवढा माजा संसार रिबिल करून दे की रं!"

चावडी हसली. दुसरा म्हणाला, "माज्या म्हाताऱ्याचं दात पडल्यात, तेबी घे साहेबाच्या यादीत." तिसऱ्यानं फाटलं घोंगडं वर धरलं. पाटलांनी मिशीत हसू दाबलं, आणि आडोशाच्या बायकांतूनही खुसखुस ऐकू आली. "अवं रिबिलराव," गेनबा म्हणाला, "बोला की फुडं!"

रिबिलराव! तोंडावर नाव पडलं. आनंदरावाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. हसणाऱ्यांबरोबर हसून टाकलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण याच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. "गाढवाला गुळाची चव काय!" म्हणून तो तसाच चावडीवरून उतरला आणि घरी गेला. जे सांगायला उभा राहिला होता ते सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, "सांगितलंस?"

"येस सर. सगळ्यांना."

त्याला वाटलं, सांगू नंतर सवडीनं. खाली मान घालून परत त्या गेनबापुढं जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आणि दगडाला हात लावायला जातंय कोण?

पाथरवटांनी आकडे घातले, देऊळ उतरवलं. दगड खाली मोकळ्या जागेत ओळीनं मांडले. गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्या होत्या. देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेली अनघड मूर्ती, तेवढा चिमाजीनं कांबळ्यावर ठेवला होता. पुरुषमाणसं माळावर देवीसाठी मांडव घालायला गेली. आनंदराव भोरच्या बाजाराला निघाला. कोट चढवत होता, तेवढ्यात साळूबाई दाराशी आली.

"आनंदा, देवी उद्या निघायची. लेक सासरी धाडावी तशी धाडू म्हंतो आमी बाया. न्हाऊमाखू घालून."

"घाला की."

"मंग ते दगुडबी धुवायचं. देवी निघाली ती घरासकट निघाली न्हवं? पर त्यावर साहेबानं पांढरं वढलंय. ते पुसलं तर चालंल का रं?"

आता काय सांगावं! एवढा सरळ प्रश्न. एका शब्दात काम झालं असतं. पण चावडीवरची खुसखुस अजून त्याच्या कानात होती, आणि त्या खुसखुशीत आईचाही आवाज होता असं त्याला उगाच वाटत होतं. "तुम्हाला काय करायचं ते करा!" तो खेकसला. "मला काय विचारता? तुम्हाला सगळंच कळतंय की!" आणि पायात पायताण सरकवून चालायला लागला. साळूबाई मागून म्हणाली, "येताना हळद आण रं." त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाजारात त्याला एकदा आठवण झाली. मनात म्हणाला, कुठल्या धुतायत, एवढ्या दगडांना पाणी आणायचं कुणी? आणि तो शेव-चिवडा घेऊन एका ओळखीच्याकडं मुक्कामाला राहिला.

पण बायकांनी पाणी आणलं. नदीवरून, हंड्याहंड्यानं. साळूबाई पुढं, गावातल्या बाया मागं. रिठे कुटले, राख घेतली, नारळाच्या शेंड्या घेतल्या आणि एकेक दगड घासला. नुसता घासला नाही, गाणी म्हणत घासला. दगड उलटापालटा करून सगळ्या बाजू धुतल्या, हळद लावली, आणि सुकल्यावर ओळी वाकड्यातिकड्या दिसतात म्हणून मोठ्याला मोठा, लहानाला लहान असे नेटके रचून ठेवले. शेवटी सगळ्यांनी देवीच्या तांदळ्यापुढं डोळ्याला पदर लावला. लेक जायची म्हटल्यावर रडू यायचंच.

सकाळी साहेब गाड्या आणि पाथरवट घेऊन आला, आणि आनंदराव भोरहून परस्पर त्याच्या मागोमाग आला. ऊन पडलं होतं. दगड असे चकाकत होते की डोळा ठरेना. एकावरही आकडा नव्हता.

साहेब घोड्यावरून उतरला, एका दगडाशी वाकला. दुसऱ्याशी वाकला. मग सरळ झाला. समोर सगळं गाव उभं होतं. बायका पुढं, हात हळदीनं पिवळे, तोंडावर नुसता आनंद. साळूबाईला तर राहवेना. लेकाला खुणेनं जवळ बोलावून तिनं हळूच विचारलं, "साहेबाला आवडलं का रं?"

आनंदरावानं नजर दगडांकडं वळवली.

साहेबानं इंग्रजीत विचारलं, "तू यांना सांगितलं होतंस?"

तेव्हा तरी खरं बोलावं! फार तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. कोट काढून ठेवला असता, परत नांगर धरला असता. नांगर धरून कुणी मेलंय का? पण जीभ आपली आपणच चालली. "येस सर. सांगितलं होतं. हे अडाणी लोक आहेत. ऐकत नाहीत."

"मग विचार त्यांना, का पुसलं."

आनंदराव गावाकडं वळला. "साहेब म्हणतायत, सांगूनसुद्धा आकडे का पुसलेत? त्या आकड्यांवरच देऊळ परत उभं राहायचं होतं."

गावाला काही उमगेना. मग हळूहळू उमगलं, आणि सगळ्यांची तोंडं उतरली. रखमाजी पाटील पुढं आले. "सांगितलं हुतं? कुणाला सांगितलं हुतंस आनंदा? चावडीत तर तू त्यातलं अक्शर काढलं न्हाईस."

आता आली का पंचाईत! मागं साहेब, पुढं पाटील. आणि आनंदराव बोलून गेला, "घरी सांगितलं होतं. आईला. बायकांच्या कानावर घाल म्हणून."

सगळं गाव साळूबाईकडं बघायला लागलं. तिनं लेकाकडं पाहिलं. रागानं नाही हो, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्यांदाच बघतेय तसं पाहिलं. मग हळदीचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "व्हय. सांगितलं हुतं त्यानं. माज्याच ध्यानातनं गेलं."

पाथरवटांनी खूप डोकं खाजवलं. हा दगड तिथला, तो इथला, करत तिथंच दोन थर लावले आणि परत उतरवले. नकाशा होता, पण आकड्यावाचून त्या नकाशाची किंमत काय? साहेबाला धरणाच्या भिंतीवर माणसं हवी होती. तो पाथरवटांना घेऊन निघून गेला. जाताना गावाशी एक शब्द बोलला नाही.

मग गावानंच दगड माळावर ओढले आणि जमेल तसं देऊळ उभं केलं. कसलं उभं केलं! एक भिंत पोटाला फुगली, दुसरी मागं रेलली. सांध्यांतून पाल जाई-येई. कितीतरी दगड उरले, ते कुठले हे कुणालाच सांगता येईना. जो तो त्या भिंतीपुढं उभा राहून चुकचुकायचा आणि साळूबाईचं नाव घ्यायचा. "म्हातारीनं घात केला." कालपर्यंत जी बाई रोज पायरी झाडत होती, तिला चिमाजीनं सांगितलं, "साळूबाय, आता देवळाला हात लावू नगा. गावाला पसंत न्हाई." साळूबाईनं झाडणी घरात आणून कोपऱ्यात उभी केली.

आनंदराव वाट बघत होता, आई कधी तोंड उघडते. शिव्या देईल, रडेल, कपाळ बडवेल. पण कसलं काय! ती भाकरी थापायची, त्याच्या ताटात दुधाचा वाडगा ठेवायची, "कोरडं खाऊ नगंस" म्हणायची. तो निम्मं ताट तसंच टाकून उठायचा. पहाटे सवयीनं ती उठायची, दारापर्यंत जायची आणि परत येऊन चुलीपुढं बसायची. तो गोधडीत तोंड घालून पडून राहायचा. लाजेनं जीव द्यावा असं वाटायचं. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यांत फार अंतर असतं, मंडळी.

एकदा मनाचा हिय्या करून तो धरणावर साहेबाच्या तंबूत गेला. सांगूनच टाकायचं, म्हणजे साहेब पाथरवट तरी परत देईल. पण त्याचं उतरलेलं तोंड बघून साहेबच आधी बोलला. "जिवाला लावून घेऊ नकोस. तू तुझं काम केलंस. लोकांनी ऐकलं नाही, त्याला तू काय करणार?" आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"थँक्यू सर," आनंदराव म्हणाला आणि परत आला. येताना वाटेत ओढ्यावर तोंड धुवायला वाकला, तर पाण्यातलं आपलं तोंड त्याला बघवेना.

पाऊस तोंडावर आला. देवीला माळावरच्या देवळात बसवायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी पंच बसले आणि ठरलं, की देवी बसण्याआधी साळूबाईनं सगळ्या गावासमोर उंबऱ्यावर नाक घासून चूक कबूल करायची. मग देवी माफ करील, गावही करील, आणि झाडणी तिची तिला परत. पाटलांनी आनंदरावाला बोलावून सांगितलं, "तुज्या आईला आमी लई मानतो. पर देवीचं काम हाय. तू वाईट वाटून घिऊ नगंस." आनंदरावानं मान डोलावली आणि घरचा रस्ता धरला.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले, हलगी वाजली. गाव नटून माळावर जमलं. चिमाजीनं तांदळा उचलून दाराशी आणला आणि थांबला. पाटलांनी हात वर केला, ढोल थांबले. साळूबाई गर्दीतून पुढं आली. धुतलेलं लुगडं, खाली मान. वाकता वाकता गुडघ्याला हात लावला, उंबऱ्यापुढं बसली, आणि पदर सावरून नाक टेकायला पुढं झाली.

आनंदराव माणसं सारत पुढं घुसला. "थांबा! थांबा, पाटील! आईची चूक नाही. मी सांगितलंच नव्हतं. तिनं मला विचारलं होतं, पुसू का म्हणून, आणि मी तिच्यावर खेकसलो. साहेबाला खोटं सांगितलं, तुम्हाला खोटं सांगितलं. नाक घासायचं तर मी घासतो!"

आनंदरावाला हलकं हलकं वाटलं. आता मारा, थुंका, काय करायचं ते करा.

आणि पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुढं आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गर्दीकडं बघून म्हणाले, "बघा रं. आईसाठी ह्यो आपल्या अंगावर घ्यायला निगालाय. ल्योक असावा तर असा!"

"नाही, पाटील, खरंच..."

"असू दे, असू दे. समजतंया आमाला."

बायकांनी डोळे पुसले. कुणी म्हणालं, पोरानं साळूबाईचे पांग फेडले. आणि गेनबा, तो टवाळ गेनबा, पुढं येऊन हात जोडून म्हणाला, "आनंदा, म्या तुला लई चिडीवलं. मला माफी कर."

आनंदराव वेड्यासारखा एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. मग आईपुढं बसला. "आई, तूच सांग की यांना! तुझं ऐकतील. सांग ना, मी काय म्हणालो होतो!"

साळूबाईनं मान वर केली. लेकाच्या तोंडावरून तिची नजर फिरली, त्याच्या कोटावरून फिरली. "गप ऱ्हा," ती म्हणाली. "देवीम्होरं खोटं बोलू नगंस."

आणि तिनं वाकून उंबऱ्यावर नाक घासलं. एकदा, दोनदा, पाटील "पुरं, पुरं" म्हणेपर्यंत. उठली तेव्हा नाकाच्या शेंड्याला खरचटून रक्त आलं होतं.

ढोल परत सुरू झाले. देवी आत बसली. पहिला नारळ फोडायचा मान पाटलांचा, पण आज पाटलांनी तो आनंदरावाच्या हातात दिला. सगळ्या गावानं माना डोलावल्या. त्यानं नारळ घेतला, पायरीवर आपटला, फोडला. मग खोबऱ्याचे तुकडे करून एकेकाच्या हातावर ठेवत गेला, आणि जो तो त्याला "शाबास" म्हणत गेला. ओळीच्या शेवटाला साळूबाई उभी होती. तिनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली, लेकानं दिलेला तुकडा कपाळाला लावला, आणि खाल्ला.